मांडवातली दोन मिनिटं

बसा की ओ! हात जोडतो, बसा! उभं कशाला राहिलाय? खुर्ची हाय, सतरंजी हाय, कट्टा हाय, कुटं बी टेका, पण माझ्यासमोर असं गप उभं राहू नका, आता चार माणसं माझ्यासमोर गप उभी राहिली की माझा हात आपोआप माईक शोधतो… हां, असं. बसलात? आता मला सांगा, त्या इंग्रजाला दुसरा काय कामधंदा न्हवता का? न्हाय, मी रागानं विचारतोय, चेष्टा न्हाय! एका चुकीला माणसानं किती नावं ठेवावीत? ब्लंडर म्हणं. गॅफ म्हणं. फेल म्हणं, आन् नुसतं फेल न्हाय, एपिक फेल! क्रिंज म्हणं. ऑकवर्ड म्हणं. आमच्या पोरीच्या, ऋतुजाच्या, कॉलेजातला एक सर भेटला, त्यो तर चष्मा सारखा करून म्हणतो, 'काका, ह्याला खरं तर फो पा म्हणतात.' म्हणलं, आता हे कुठलं? तर म्हणं, हे इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलंय! म्हंजे घरच्या चुका पुरंनात म्हणून शेजाऱ्याकडनं मागून आणल्या!

माझा आज्जा मेंढरं राखायचा, नातेपुत्याकडं. त्याच्या कळपातल्या प्रत्येक मेंढराला नाव. कान पांढरा असला की एक नाव, तोंड काळं असलं की दुसरं, लंगडत असलं की तिसरं. का? जीव की ओ त्याचा त्यांच्यावर! जे पाळतो त्याला माणूस नाव ठेवतो. मंग इंग्रजानं काय चुका पाळल्या हुत्या का? सकाळी चरायला सोडायच्या आन् सांजंला वाघरीच्या जाळीत कोंडायच्या? आन् तो सगळा कळप आणून हाकलला कुणाच्या अंगावर? माझ्या! जोतिरामच्या! आन् म्हणं, चुकलं माझं!

आता तुमी म्हणाल, झालं तरी काय. सांगतो. आधी मी कोण ते सांगतो, म्हंजे तुमाला माझा राग कळंल. नवी पेठेत आहेराच्या कापडाचं दुकान हाय बगा, टॉवेल-टोपी, फेटे, चादरी, तितं काउंटरला मीच असतो. पण ते पोटासाठी. जिवासाठी माझा माईक! सोलापुरात आमच्या लोकांत लगीन लागलं आन् माईकवर जोतिराम न्हाय, असं लगीन मला दाखवा. हातात कागद न्हाय, चिठ्ठी न्हाय. कोण कुणाचा मामा, कोण कुणाचा साडू, कुणाला नुसता नारळ आन् कुणाला पूर्ण पोशाख, कुणाचं नाव कुणाच्या आधी घेतलं की कोण रुसून न जेवता बुलेटला किक मारतो, सगळं हितं, डोक्यात! आता बोलताना मी असा बोलतोय, पण माईक हातात आला की न्हाय, 'हाय'चं 'आहे' होतं आन् 'न्हाय'चं 'नाही', आपोआप, मला काय बी करावं लागत न्हाय. 'वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती, कुणीही भोजन केल्याशिवाय जाऊ नये…' आहा! काय ते 'जाऊ नये'! माणूस जाणार असला तरी परत फिरून पत्रावळीवर बसावा.

पण नुसतं लगीन न्हाय की. आमच्याकडं दहाव्याला बी माईक लागतो, तुमाला ठाव हाय. पुढारी येत्यात, पाव्हणं येत्यात, ज्यांनी जित्याला कधी चहा पाजला न्हाय ती सगळी मेल्यावर बोलत्यात, आन् समद्यांचं बोलून झालं की शेवटी माईक माझ्याकडं. मंग मी म्हणायचं, 'सर्वांनी आपापल्या जागी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.' झालं. लोक उभी राहत्यात, कार्यक्रम संपतो. आन् स्पीकर कुणाचा? कल्लप्पाचा, अक्कलकोटचा. त्याचा एकच टेम्पो, त्येच बॉक्स, त्योच माईक. लग्नाला बॉक्सला लाल झालर लावतो, दहाव्याला पांढरी चादर, एवढाच फरक. झालर बदलती की ओ, माझं तोंड कुटं बदलतंय?

तर तो दिवस. मे महिना, लग्नसराई, ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, आन् त्या उनात म्हातारी माणसं बी पटापट… जाऊ द्या. म्हंजे लग्नं बी जोरात आन् दहावं बी जोरात. सकाळी एक दहावा उरकला, आन् मी आन् कल्लप्पा टेम्पोत बसल्या-बसल्या चादर काढून झालर लावत तसंच अक्कलकोट रोडला कार्यालयात. लगीन कुणाचं? माझ्या तात्याबाच्या पोरीचं.

तात्याबा म्हंजे… कसं सांगू? मी पहिल्यांदा माईक धरला तवा पहिल्या रांगेत ह्यो बसलेला. तवापास्नं कार्यक्रम कुणाचा बी असू द्या, आवतण असू द्या नसू द्या, तात्याबा पहिल्या रांगेत. मी बरं बोललो की टोपी वर सरकवायचा, आन् वाईट बोललो की टोपी डोळ्यावर ओढायचा. बास! मला दुसऱ्या कुणाच्या टाळ्या लागत न्हवत्या. अन् तो गेला की ओ. हिवाळ्यात गेला, पोरीचं लगीन ठरायच्या आत.

त्याचा भाऊ सिदाप्पा. मी कार्यालयात पाय ठेवला तसा मला कोपऱ्यात ओढून म्हणतो, 'जोतिराम, शुभकार्य हाय. दादाचं नाव काढायचं न्हाय. बायकांची रडारड मला नको. पोरीकडची म्हणून केराबाईचं बी नाव नको, माजं आन् आमच्या मंडळींचं घे.' केराबाई म्हंजे तात्याबाची बायको, पोरीची आई! ती तिकडं मागं, भांड्याच्या खोलीच्या दाराशी, खांबाला टेकून उभी. पोरीच्या लग्नात आई खांबाला टेकून! मी म्हणलं, बरं. काय म्हणणार? घरातला मामला. माईकवाल्यानं दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचं नसतं.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. बँड वाजला, फटाके झाले, कल्लप्पानं सनई लावली. माईक माझ्याकडं. मी आपला रीतसर, 'सिदाप्पा यांच्यातर्फे सर्वांचे आभार… मान्यवरांचे आभार… आचाऱ्यांचे आभार…' आन् बोलता बोलता नजर गेली पहिल्या रांगेवर. तात्याबाची खुर्ची. तिच्यावर कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स ठेवला हुता. आन् माझ्या तोंडातनं, खणखणीत, शुद्ध मराठीत, नेहमीच्या चालीवर, आपोआप आलं…

'…आणि आता सर्वांनी आपापल्या जागी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.'

हसताय? हसा! पण तुमाला सांगतो, मांडवात एक माणूस हसला न्हाय! उठली की ओ! सगळी उठली! आमच्या लोकांचा माईकवर लई विश्वास. माईकवरनं सांगितलं म्हंजे काहीतरी असंलच. खुर्च्यांचा खरररर आवाज आन् सगळा मांडव उभा. कल्लप्पानं सवयीनं सनई बंद केली. बँडवाल्यानं ढोलावर हात ठेवून ढोल गप केला. सिदाप्पाचा हात फेट्यावर गेला, काढू का ठेवू, काढू का ठेवू! नवरदेव नवरीकडं बगतोय, नवरी नवरदेवाकडं. एक पाव्हणा सगळ्यांच्या आधी पंगतीला जाऊन बसला हुता, कडक भाकरी आन् शेंगाचटणी घेऊन, त्यो बी ताट घेऊनच उठला, आन् त्या शांततेत त्याच्या तोंडातल्या कडक भाकरीचा 'कट्ट' असा आवाज झाला! सगळा मांडव वळून त्याच्याकडं! त्यानं बिचाऱ्यानं घास गालात धरला तो मांडव परत बसेस्तवर चावलाच न्हाय.

आन् माझं काय? मला कळलं की ओ! तोंडातनं शब्द गेला आन् दुसऱ्या क्षणाला कळलं! पण करायचं काय? सांगा, तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बसा म्हणावं? अजून दोन मिनिटं झाली न्हाईत! आन् लोकांना अर्ध्यातनं बसवणं म्हंजे अपमान असतो. आता कुणाचा अपमान, ते ठरलेलं न्हवतं, पण असतो! म्हणून मी बी उभा. मान खाली. दुपारच्या उनात मेंढरं एकमेकांच्या सावलीत मान घालून उभी राहत्यात न्हाय का, तसा अख्खा मांडव.

आन् त्या शांततेत… मागनं, भांड्याच्या खोलीच्या दारातनं, एक हुंदका आला. एकच. केराबाईचा.

मंग सगळ्यांना कळलं की कुणासाठी उभं हाय. एकानं न्हाय विचारलं, 'कुणासाठी?' बायका पदर डोळ्याला लावाया लागल्या. सिदाप्पानं फेटा काढला. काढला बगा! ज्यानं सकाळपास्नं भावाचं नाव घेऊ दिलं न्हाय त्यानं फेटा काढून छातीशी धरला. आन् नवरी, मुंडावळ्या बांधलेली, तशीच स्टेजवरनं खाली आली, मागं चालत गेली, आन् आईला हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन आली. बाटल्यांचा बॉक्स स्वतःच्या हातानं खाली ठेवला आन् त्या खुर्चीत बसवली आईला. दोन मिनिटं सरली. मी म्हणलं, 'सर्वांनी बसून घ्यावं. पंगत सुरू झालेली आहे.' दुसरं काय म्हणणार? ओम शांती ओठापत्तर आलं हुतं, गिळलं.

जेवण झाल्यावर केराबाई आली. माझ्या दोन्ही हाताला धरलं. म्हणली, 'भावजी, सकाळपास्नं कुणी त्यांचं नाव न्हाय काढलं. मला वाटलं, माणूस मांडवातनं पुसून टाकला. तुमी एकटं त्यांची आठवण काढणारं निघालात. तुमी त्यांच्यासाठी सगळा मांडव उभा केलात.' मी काय बोलू? 'वैनी, तोंड घसरलं माझं,' असं म्हणू? न्हाय म्हणलो! आन् का म्हणू? तोंड चुकलं असंल एक वेळ. मी कुटं चुकलो? तात्याबा तितं असता तर टोपी पार टाळूच्या मागं सरकवली असती त्यानं. आन् म्हणं, चुकलं माझं!

आता ह्यातलं हे सगळं कुणी बगितलं? मांडवानं. आन् मोबाईलनं काय बगितलं? मोबाईलनं बगितलं फकस्त माझं तोंड! कुणाच्या मोबाईलनं? परक्याच्या असतं तर मी सोडलं असतं. माझ्या पोरीच्या! ऋतुजाच्या! ती नवरीची मैतरीण, पहिल्यापास्नं शूटिंग करत हुती. तिनं काय केलं, सनई, अक्षता, हसरी माणसं, मंग मी 'दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं', मंग सगळी उठली, मंग त्यो भाकरीवाला, 'कट्ट!' आन् संपलं. हुंदक्याच्या आधी संपलं! वर लिहिलं, 'माय पप्पा, एपिक फेल'. आन् रडेस्तवर हसणारी तोंडं. रांगच्या रांग.

म्हणलं, 'हे काय गं?' तर म्हणती, 'पप्पा, गोड हाय की. लोकांना आवडलंय.' लोकांना! ती लोकं कोण? नागपूरची, अमेरिकेची, कुटली कुटली! त्यांना ना तात्याबा ठाव, ना केराबाई. तितं खाली लिहिणाऱ्यांच्या दोन पार्ट्या. एक पार्टी म्हणती, क्रिंज, ब्लंडर, बिचारी नवरी. दुसरी म्हणती, हिलॅरियस! एलओएल! रोफल! आन् एक जण लिहितो, 'आय ॲम डेड.' म्हणलं, ऋतुजा, ह्यो कोण मेला? माझ्यामुळं मेला का? ती म्हणती, 'न्हाय पप्पा, लई हसला की असं म्हणत्यात.' घ्या! आमी खऱ्या मेलेल्या माणसाला उभं राहिलो तर ते हसायचं, आन् हे हसून मेले तर ते कौतुक!

आन् सोलापूर काय सोडतंय? दुकानात गिऱ्हाईक येतंय, टॉवेल बगतंय, आन् मी गठ्ठ्याची गाठ सोडस्तवर मान खाली घालून उभं! म्हणलं, काय झालं? म्हणं, 'काय न्हाय, दोन मिनिटं.' आन् मागं सगळी खीखीखी. नवी पेठेच्या तोंडाला रिक्षाला हात केला, तर त्यो बाबा म्हणतो, 'क्या चच्चा, दो मिनट ठैरूं क्या?' कल्लप्पाला सांगितलं तर त्यो मलाच शिव्या घालतो, 'अय्यो, तू बोललास बे, मी सनई बंद केली, त्यात माजं नाव कुटंच न्हाय! मी काय फुकट बंद केली व्हय?' त्याला दुःख कशाचं, तर रीलमध्ये त्यो दिसला न्हाय ह्याचं!

बरं, हे बी मी पचवलं असतं. आमच्या भाषेत बी नावं हायत की. फजिती हाय, पचका हाय, घोळ हाय, शोभा हाय. दोन दिस शोभा हुती, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचीतरी. आमच्या फजितीला मरण हाय! पण त्या इंग्रजी नावांना मरण न्हाय की ओ. ती मोबाईलमध्ये ऱ्हात्यात. आन् तितनं ती पुण्याला पोचली.

पुण्याला का? ऋतुजाचं लगीन ठरलं! पोरगा आमच्यातलाच, बिरुदेव नाव, पण पुण्यात कंपनीत गेल्यापास्नं त्याचं 'वीर' झालंय. पोरगा गुणाचा हाय, बोलायला गोड, तक्रार न्हाय. बोलणी झाली, चहा झाला, पोहे झाले, आन् मी खुशीत येऊन म्हणलं, 'माईकचं तुमी बगूच नका. ते आपल्या घरचंच हाय.' तशी विहीणबाई जरा हसली, नवऱ्याकडं बगितलं, आन् म्हणती, 'अहो भाऊ, तुम्ही मुलीचे वडील. तुम्ही कशाला दगदग करता? तुम्ही नुसतं छान बसा. अँकर आम्ही आणतोय पुण्याहून.' बसा म्हणं! मला! मी ऋतुजाकडं बगितलं. ती चहाच्या कपात बगत हुती. सगळी गेल्यावर हळूच म्हणती, 'पप्पा, त्यांनी ती रील बगितलीया. जरा ऑकवर्ड हुईल…'

मला लागलं की ओ. खोटं कशाला बोलू? लई लागलं. सगळ्या सोलापूरच्या पोरींची नावं मी मांडवात घेतली. ज्यांच्या बापाला धड बोलता येत न्हवतं त्यांच्या बापाच्या वतीनं मी आभार मानले. आन् प्रत्येक वेळेला मनात एकच, एक दिस माझ्या ऋतुजाचं नाव ह्याच माईकवरनं घ्यायचं. घरात, आंघोळीला, दुकानात गठ्ठं उचलताना, मी ते म्हणून बगायचो, 'जोतिराम आणि सौ. रंभाबाई यांची सुकन्या…' आमची रंभाबाई आतनं ओरडायची, 'ऐकलं, ऐकलं, मलाबी ठाव हाय तिची आई कोण ते!' एवढी एकच हौस. आन् ती कशापायी गेली, तर एका एपिकपायी! मी त्या दिवशी पोरीशी बोललो न्हाय. दुसऱ्या दिवशी बी न्हाय. माईकवाला घरात गप बसला म्हंजे घर कसं लागत असंल, विचारा रंभाबाईला.

लगीन आलं. कार्यालय तेच, अक्कलकोट रोडचं. मी आपला नवा फेटा घालून पहिल्या रांगेत, शेजारी केराबाई, तात्याबाच्या जागेवर. स्टेजवर पुण्याची अँकर, प्रतीक्षा नाव, चुणचुणीत पोरगी, कानाला लावायचा माईक, हात मोकळे. आन् सुरुवात काय, तर 'हॅलो सोलापूऽऽर! मेक सम नॉइज!' आमची माणसं एकमेकांकडं बगत्यात. नॉइज कर म्हणून आमाला सांगायला लागतंय का? न सांगता करतोय की! पण सांगितल्यावर कसा करणार? सगळी गप. मंग म्हणती, 'मामा-मामींचा कपल डान्स!' मामी उठून मागच्या दारानं भांड्याच्या खोलीत, दाराला आतनं कडी! मामा एकटा उभा. मंग तिनं इंग्रजीत जोक सांगितला, पुण्याची मंडळी हसली, आमच्याकडचा एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं विचारतो, 'काय म्हणती? जेवायला बोलवती का?' त्या पोरीचा चेहरा असा उतरला… तुमाला सांगतो, मला हसू न्हाय आलं. माईक हातात असून समोरनं काय न येणं म्हंजे काय, ते मला ठाव हाय. लई वाईट असतं.

तर ती आली की खाली! माझ्यापाशी! वाकून म्हणती, 'अंकल, प्लीज, ते टू मिनिट्सवालं कराल का? मुलाकडच्यांची फर्माईश आहे. सो हिलॅरियस!' मागनं विहीणबाई, 'हो हो भाऊ, करा ना! आमच्या सोसायटीतले खास ते बघायला आलेत!' आता सांगा! ज्या रीलपायी मला माईकपास्नं तोडला, तेच आता फर्माईश! तवा ब्लंडर हुतं, आता हिलॅरियस झालं! मेंढरू तेच, नुसता कळप बदलला! मी म्हणलं, 'ताई, ते चेष्टेचं न्हवतं. ते माझ्या तात्याबासाठी हुतं.' केराबाई शेजारी बसलीय आन् तिच्यासमोर मी तिच्या नवऱ्याची दोन मिनिटं खेळ म्हणून करू? मी काय विदूषक हाय? न्हाय म्हणजे न्हाय!

…पण तोवर कल्लप्पानं काय केलं, त्याचा जुना वायरवाला माईक माझ्या हातात आणून ठेवला. म्हणला, 'घे की बे जोत्या. तुझ्या पोरीचं लगीन हाय. त्यांना काय पायजे ते मरू दे, तुला काय पायजे ते बोल.'

आता माईक हातात. मी उठलो. ठरवलं, त्यांची फर्माईश गेली उडत, ऋतुजाचं नाव घ्यायचं, खणखणीत, पाठ हाय ते सगळं. स्टेजकडं बगितलं. ऋतुजा उभी. मुंडावळ्यांतनं माझ्याकडं बगती. डोळं भरलेलं. आन् तिचे ओठ हलले, आवाज न्हाय, नुसते ओठ, 'पप्पा, चुकलं माझं.'

झालं! तोंड उघडलं आन् काय बी येईना! 'जोतिराम आणि' एवढं बी न्हाय! इतक्या वर्षांत असं कधी झालं न्हवतं. कल्लप्पाला वाटलं माईक गेला, त्यानं टकटक केलं, वायर हलवली, मंग माझ्या तोंडाकडं बगितलं, आन् सवयीनं… सनई बंद केली.

आन् केराबाई उठली. माझ्या शेजारनं, गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. ती उठली तशी तिच्या मागची रांग उठली. मंग दुसरी. मंग पुण्याची मंडळी, सोसायटी, विहीणबाई, अँकर, भांड्याच्या खोलीची कडी काढून मामी! मी एक शब्द न बोलता सगळा मांडव उभा! आन् मी मधी, माईक तोंडाशी, डोळ्यातनं धार. किती वेळ गेला मला ठाव न्हाय. शेवटी ऋतुजा खाली आली, माझ्याजवळ, आन् माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, पण माईक चालू हुता, अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं…

'पप्पा, आता बसा म्हणा की त्यांना.'

काय हसला मांडव! बापरे! आमचे बी हसले, पुण्याचे बी हसले, केराबाई पदर तोंडाला लावून हसली, मी बी रडता रडता हसलो. पोरीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मुंडावळ्या माझ्या फेट्यात अडकल्या, त्या सोडवायला दोघं-तिघं लागली. नाव घ्यायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. त्याचं मला आता काय वाटत न्हाय. न्हाय, वाटतं. थोडं वाटतं.

पण विहीणबाई काय म्हणाली ठाव हाय? डोळं पुसत आली, हसूनच पाणी आलेलं, आन् म्हणती, 'भाऊ, काय टायमिंग हो तुमचं! लेजंड आहात!' टायमिंग! आवो, मी रडत हुतो! बाप हाय मी, पोरगी निघाली माझी, आवाज बसला माझा, आन् म्हणं टायमिंग! ती बी रील झाली. ह्या वेळेला सगळ्या जगानं केली. खाली काय लिहिलंय, ते मी आता विचारत बी न्हाय. तिकडं रडणाऱ्याला बी हसऱ्याच्याच कळपात घालत्यात. आन् ज्यांनी तवा 'चुकलं, चुकलं' म्हणून कान किटवले, त्यातला एक बी आता चुकलं म्हणाया तयार न्हाय! मी हट्टानं सांगितलं, 'बाबांनो, ह्या वेळेला खरंच चुकलो, मला बोलता आलं न्हाय!' तर म्हणं, 'काका, हेच तर तुमचं कसब!'

आन् कालची गोष्ट ऐका, मंग उठा. दुकानात दोघं आले. लगीन हाय म्हणाले. म्हणलं, चला, आला बाबा माईक परत! मी लगेच घसा खाकरून विचारलं, मुलीचं नाव काय, मामा किती, पोशाख कुणाकुणाला… तर त्यातला एक हात जोडून म्हणतो, 'काका, तसलं काय नको. तुमी नुसतं स्टेजवर यायचं, माईक धरायचा, आन् बोलायचं न्हाय. लोक उभी राहतील. बास.' माझ्या जन्माची माईकवारी आन् मागणी कशाची, तर गप बसायची! मी राग गिळला. म्हणलं, 'बरं बाबा, गप उभा ऱ्हातो. पण दोन मिनिटांनी बसा, एवढं तरी मी म्हणू का?'

तर दोघांनी एकमेकांकडं बगितलं, आन् लाजत म्हणत्यात, 'न्हाय काका… बसा म्हणायला आमी पुण्यावरनं अँकर आणलाय.'